पोळ्याच्या वेशीवरची राळ

रोम शहराच्या मध्यभागातून जाणाऱ्या ‘व्हिया साक्रा’ म्हणजे पवित्र मार्गावर, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, एक वस्तू विक्रीस येत असे आणि तिचा भाव मधाहूनही चढा असे. दिसावयास ती मुळीच देखणी नव्हती. काळपट तपकिरी, उबेत हाताला चिकटणारी, थंडीत काचेसारखी तडकणारी अशी ती राळ होती आणि ती मधमाश्यांच्या मोहोळातून खरवडून काढलेली असे. वारो या रोमन पंडिताने वयाच्या ऐंशीव्या वर्षी, इ. स. पू. ३७ मध्ये, शेतीवर जो ग्रंथ लिहिला त्यात हा बाजारभाव नमूद आहे. भाव चढा का, तेही त्याने तेथेच सांगितले आहे: वैद्य लोक ही राळ आपल्या लेपांत घालीत.

या वस्तूचे नाव प्रोपोलिस. नाव ग्रीक आहे आणि मोठे मार्मिक आहे. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘पोलिस’ म्हणजे नगर. नगराच्या पुढे जे असते ते प्रोपोलिस. मोहोळाचे तोंड फार मोठे असले तर मधमाश्या त्याच्या कडांवर ही राळ थापून ते आवळून घेतात. जणू नगराला वेस बांधतात. ग्रीकांनी हे पाहिले आणि नाव ठेवले. पण वेशीच्या आत, सबंध नगराच्या भिंतींवर ही राळ कशासाठी सारवलेली असते, हा प्रश्न त्यांनी फारसा विचारला नाही. त्याचे उत्तर मिळावयास दोन हजार वर्षे लागली, आणि मधल्या काळात माणसाने या राळेला कधी औषध म्हणून डोक्यावर घेतले, तर कधी घाण म्हणून तासून फेकून दिले.

प्राचीनांच्या नोंदी मात्र थक्क करणाऱ्या आहेत. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) आपल्या प्राणिविषयक ग्रंथात मोहोळाच्या तोंडाशी असणाऱ्या एका काळसर, उग्र वासाच्या पदार्थाचे वर्णन केले असून मुका मार आणि पू धरलेली क्षते यांवर तो गुणकारी असल्याचे म्हटले आहे. व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इ. स. ७९ मध्ये ज्याचा अंत झाला, त्या थोरल्या प्लिनीने त्याही पुढची पायरी गाठली. मोहोळाच्या भिंतीवरील लेपाचे त्याने तीन थर सांगितले, तिन्हींना निरनिराळी नावे दिली आणि त्यांतील प्रोपोलिस हे द्राक्षवेल व पॉप्लर यांच्या चिकापासून होते असे लिहिले. शरीरात रुतलेले काटे व शल्ये बाहेर काढणे, सूज उतरविणे, हट्टी जखमा भरून आणणे, हे गुण त्याने नोंदविले. त्याचाच समकालीन ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ याने जुन्या खोकल्यावर या राळेची धुरी सांगितली. पुढे बुखाऱ्याकडचा महान हकीम इब्न सिना (९८०–१०३७) यानेही मोहोळातील स्वच्छ मेण आणि काळे मेण यांत भेद करून काळ्या मेणाच्या अंगी रुतलेले काटे व बाणांची टोके ओढून काढण्याचा गुण असल्याचे लिहिले.

हे सगळे वर्णन आजच्या दृष्टीने वाचताना एक गोष्ट लक्षात येते. हे लोक वारंवार एकाच जातीच्या दुखण्यांकडे बोट दाखवितात: चिघळलेली, पू धरलेली, भरून न येणारी जखम. जंतू नावाची वस्तू कोणालाच ठाऊक नव्हती. पण जेथे जंतूंचा जोर असतो नेमके तेथेच त्यांचा हात या राळेकडे जात होता.

आता ही राळ येते कोठून? प्लिनीने पॉप्लरचे नाव घेतले खरे, पण ते लोकांच्या स्मरणातून गेले, आणि पुढे कित्येक शतके याबद्दल नुसते तर्क चालले. कोणी म्हणे, माश्या ती पुष्पपरागांपासून आपल्या पोटात बनवितात. कोणी म्हणे, मेणाचाच तो गाळ. अखेर हे कोडे प्रत्यक्ष प्रयोगाने सोडविले ते एका अंध माणसाने.

फ्रान्स्वा ह्युबर हा १७५० मध्ये जिनीव्हा येथे जन्मला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याची दृष्टी मंदावू लागली आणि हळूहळू ती पूर्णपणे गेली. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मारी एमे ल्यूलँ हिने वडिलांचा विरोध पत्करला. कायद्याने स्वतंत्र होण्याचे वय येईपर्यंत ती थांबली आणि मग तिने या अंधाशी विवाह केला. ह्युबरचे डोळे म्हणून प्रथम त्याचा नोकर फ्रान्स्वा ब्यूर्नेन्स याने आणि नंतर त्याच्या पत्नीने व पुत्राने काम केले. ह्युबर प्रश्न विचारी, काय करावयाचे ते सांगे, दुसरा पाही आणि जे दिसेल ते जसेच्या तसे वर्णन करी. त्या वर्णनातील उणीव ह्युबर पकडी आणि पुन्हा पाहावयास लावी. राणीमाशीचे मीलन मोहोळाबाहेर, हवेत होते, हा त्याचा शोध प्रसिद्ध आहे. त्याचा पहिला ग्रंथ १७९२ मध्ये निघाला आणि त्याची वाढविलेली आवृत्ती १८१४ मध्ये. प्रोपोलिसचा प्रयोग या दुसऱ्या आवृत्तीत आला आहे.

कित्येक वर्षे त्याने राळ गोळा करणाऱ्या माश्यांना झाडावर गाठण्याचा प्रयत्न केला होता. पायांवर राळेचे गोळे घेऊन परतणाऱ्या माश्या असंख्य दिसत. पण त्या जातात कोठे ते कळेना. मग एकदा जुलैच्या प्रारंभी रानटी पॉप्लरच्या काही फांद्या त्याच्याकडे आल्या. त्या वसंतातच तोडून ठेवलेल्या होत्या. त्यांवरील पानांच्या कळ्या टपोऱ्या, तांबूस चिकाने भरलेल्या आणि सुगंधी होत्या. ह्युबरने त्या भांड्यांत खोचून मोहोळांच्या अगदी पुढ्यात, माश्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेविल्या. पाव तासाच्या आत एक माशी आली. तिने दातांनी कळीचे आवरण बाजूला सारले, आतील चिकाचे तंतू ओढून काढले आणि त्यांचा गोळा करून एका मागल्या पायाच्या टोपलीत बसविला. दुसऱ्या कळीतून दुसरा गोळा काढून दुसऱ्या पायावर घेतला आणि ती मोहोळात परतली. काही मिनिटांत तिच्या जागी दुसरी आली. नुकत्याच तोडलेल्या कोवळ्या फांद्यांकडे मात्र त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही, कारण त्यांचा चीक अजून पुरेसा घट्ट झालेला नव्हता. प्रयोग इतकाच. त्याला ना महागडी उपकरणे लागली ना मोठी प्रयोगशाळा. लागला तो योग्य प्रश्न आणि तो विचारीत राहण्याचा धीर. तो चीक आणि मोहोळातील राळ ही एकच वस्तू होय, हे पुढे ह्युबरने तपासून पाहिले.

राळ गोळा करणे हे कामकरी माश्यांच्या दृष्टीने अत्यंत कष्टाचे काम आहे. मोहोळातील हजारो माश्यांपैकी अगदी थोड्याच या कामावर असतात. राळ थंडीत कडक होते, म्हणून त्यांना दिवसाच्या उबदार वेळीच निघावे लागते. पायावरचा गोळा माशीला स्वतःला सोडविता येत नाही. घरी आल्यावर दुसऱ्या माश्या तो दातांनी ओढून तुकड्यातुकड्यांनी उतरवून घेतात, आणि तोवर ती बिचारी ओझे वागवीत उभी राहते. शिवाय ही राळ खाण्याच्या कामी येत नाही. मध हे अन्न, पराग हे अन्न. राळ मात्र एक थेंबही पोटात जात नाही. तरीही वर्षाकाठी एक मोहोळ साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास राळ जमविते. जे पोटाला लागत नाही त्यासाठी इतका खटाटोप, तो उगीच कसा असेल?

एका उपयोगाने निसर्गशास्त्रज्ञांना पूर्वीच चकित केले होते. अठराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने काचेच्या मोहोळात शिरलेल्या एका गोगलगायीची हकीकत दिली आहे. शंखात दडलेल्या त्या प्राण्याला डंख मारणे शक्य नव्हते, म्हणून माश्यांनी शंखाची कड राळेने काचेला चिकटवून टाकली आणि त्याला जागच्या जागी बंदिस्त केले. मोहोळात शिरलेला उंदीर डंखांनी मेला, तर त्याचे धूड बाहेर ओढून नेणे माश्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. अशा वेळी त्या सगळ्या कलेवरावर राळेचा लेप चढवितात. आत ते सुकून जाते, कुजत नाही आणि मोहोळात दुर्गंधी पसरत नाही. हे पाहून तरी राळेच्या अंगी कुजणे थांबविण्याचा गुण आहे, एवढे समजावयास हवे होते.

पण एकोणिसाव्या शतकात गोष्ट उलट्याच दिशेने गेली. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने १८५१ मध्ये आधुनिक मधपेटीचा पाया घातला. त्याचे सारे मर्म एका फटीत आहे. दोन भागांमधील फट फार अरुंद असली तर माश्या ती राळेने बुजवितात. फार रुंद असली तर तीत पोळे बांधतात. पण ती सुमारे तीन अष्टमांश इंच असली तर जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळी सोडतात. चौकटींच्या भोवती एवढी फट ठेवली की चौकटी चिकटत नाहीत, पोळे न मोडता वर उचलता येतात आणि मोहोळ न मारता मध काढता येतो. हा शोध खरोखरच मोठा होता. जगभरचे मधपालन त्यावर उभे राहिले. परंतु त्याचबरोबर राळ ही मधपाळाची वैरीण ठरली. चौकटी चिकटविणारी, हात व कपडे बरबटविणारी, मेणात मिसळून त्याचा भाव उतरविणारी म्हणून तिचा तिटकारा होऊ लागला. पेट्यांच्या फळ्या आतून रंधून गुळगुळीत करण्यात येऊ लागल्या, कारण गुळगुळीत फळीवर माश्या राळ कमी थापतात. कॉकेशस पर्वताकडील माश्या स्वभावाने गरीब असूनही केवळ भरमसाट राळ आणतात म्हणून अनेकांना नकोशा झाल्या, आणि कमी राळ आणणारे वंश पसंत केले जाऊ लागले. शेसव्वाशे वर्षे हा क्रम चालला. आपण मोहोळातून नेमके काय काढून घेत आहो, हा विचार कोणाला शिवला नाही.

राळेकडे शास्त्राचे लक्ष पुन्हा गेले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. १९४० च्या दशकात सोव्हिएत रशियातील कझान येथे किवालकिना या पशुवैद्यक संशोधिकेने प्रोपोलिसच्या जंतुनाशक गुणांचा अभ्यास केला. फ्रान्समध्ये लावी यांनी मोहोळातील जंतुरोधक द्रव्यांचा शोध चालविला, आणि १९६४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोपोलिसमधून गॅलँजिन नावाचे द्रव्य वेगळे करून ओळखले. हे नाव मराठी माणसाला परके वाटले तरी वस्तू परकी नाही. आवाज मोकळा व्हावा म्हणून गवई मंडळी ज्या कुलिंजनाचा तुकडा तोंडात धरतात, त्याच्या कुळातील एका चिनी जातीच्या मुळावरून ते नाव आले आहे. युरोपातील पॉप्लरची कळी आणि पूर्वेकडील कुलिंजनाचे मूळ या दोघांनीही जंतूंपासून आपले रक्षण करण्यासाठी एकच द्रव्य तयार करावे, हे मोठे कौतुकाचे आहे.

म्हणजे औषध मुळात झाडाचे. वसंतात उमलणारी कोवळी पानकळी बुरशी व जंतू यांना सहज बळी पडावयाची, म्हणून झाड तिच्यावर राळेचा लेप देते. मधमाशी तो लेप चोरते आणि आपल्या घराच्या भिंतीला देते. माणूस मोहोळ खरवडून तो माशीकडून चोरतो. चोरावर मोर म्हणतात तो हा प्रकार!

युरोपीय प्रोपोलिसमध्ये साधारणतः निम्मा भाग राळेचा, तीस टक्के मेणाचा, दहा टक्के सुगंधी तेलांचा आणि उरलेला पराग व इतर पदार्थांचा असतो. आजवर त्यात तीनशेहून अधिक द्रव्ये सापडली आहेत. प्रयोगशाळेतील काचपात्रात त्याचा अर्क सर्वांत चांगला चालतो तो गळवे व पू उत्पन्न करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जातीच्या जंतूंवर, तसाच कित्येक बुरशींवर. ज्या जंतूंना बाहेरून आणखी एक संरक्षक पापुद्रा असतो, उदाहरणार्थ आतड्यातील कोलाय जंतू, त्यांच्यावर त्याचा प्रभाव बराच कमी पडतो. ॲरिस्टॉटलने पू धरलेल्या क्षतांचा उल्लेख करावा आणि काचपात्रात पुवाच्याच जंतूंवर राळ सरस ठरावी, हा निव्वळ योगायोग नव्हे.

तथापि ‘प्रोपोलिस’ म्हणून एकच ठराविक वस्तू जगात नाही, ही गोष्ट बाजारातील जाहिराती सांगत नाहीत. माशी जेथे राहते तेथील झाडांची राळ ती आणते. ब्राझीलमध्ये पॉप्लर नाही. तेथील मिनास जेराइस प्रांतात माश्या एका रानझुडपाच्या कोवळ्या शेंड्यांतून राळ घेतात आणि ती चक्क हिरवी असते. तिच्यातील मुख्य द्रव्य आर्टेपिलिन-सी हे युरोपीय राळेत नसतेच. जपानात या हिरव्या राळेला मोठी मागणी आहे. किनाऱ्याकडील आलागोआस प्रांतातील राळ तांबडी असते, कारण तेथील झाड निराळे. बल्गेरियातील संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील राळा तपासल्या. त्यांची रासायनिक घडण अगदी भिन्न निघाली, पण जंतू मारण्याचे काम सगळ्याच करीत होत्या. घटक बदलतात, काम बदलत नाही. माशीला रसायनशास्त्र अवगत नसेल. पण कोणत्याही मुलखात आपल्याला हवी ती राळ तिला बरोबर सापडते.

मग आपल्याकडील वैद्यकात या राळेचा गाजावाजा का नाही? सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले. मेणाला मधूच्छिष्ट म्हणून औषधांत मानाचे स्थान दिले. त्यांच्या जोडीने ही राळ मात्र कोठे दिसत नाही. याचे एक सरळ कारण आपल्या मधमाशीतच आहे. सह्याद्रीच्या रानांत झाडाच्या ढोलीत राहणारी आपली सातेरी माशी राळ जवळजवळ आणीतच नाही. आग्या माशीचे पोळे उघड्यावर लोंबते. फुलोरी माशी आपले लहानसे पोळे ज्या काटकीला बांधते, तिच्यावर दोहों बाजूंनी चिकट राळेचा पट्टा ओढते, म्हणजे मुंग्यांना पलीकडे येता येत नाही. डंख नसलेल्या चिमुकल्या माश्या घराच्या भिंतींतील भोकांत राहतात, त्या राळ पुष्कळ वापरतात. पण त्यांची वसाहतच मुठीएवढी. राळेने पेटी सारवणारी युरोपीय माशी भारतात नीट रुजली ती १९६२ नंतर, त्या वेळच्या पंजाबातील नगरोटा येथील प्रयत्नांतून. त्यामुळे प्रोपोलिस हे नाव आपल्याकडे परदेशी बाटलीवरूनच आले, यात नवल नाही.

या बाटलीविषयी स्पष्ट बोलणे जरूर आहे. काचपात्रात जंतू मरणे ही एक गोष्ट आणि माणसाच्या शरीरात रोग बरा होणे ही दुसरी. तोंडातील व्रण, हिरड्यांची सूज, कवळीखाली होणारी बुरशी आणि ओठांवर उठणारे विषाणूजन्य फोड यांवर या राळेचे लेप व चुळा यांचा उपयोग झाल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. यांतील बहुतेक चाचण्या लहान आहेत, आणि एका चाचणीतील राळ दुसरीतल्या राळेसारखी असेलच असे नाही. पोटात घेतल्याने रोगप्रतिकारशक्ती वाढते, अमुक विकार दूर होतो, अशा दाव्यांची छाननी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने केली आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असा निर्वाळा २०१० मध्ये दिला. दुसरी बाजूही आहे. कित्येकांच्या त्वचेला ही राळ सोसत नाही; खाज सुटते, पुरळ उठते, ओठ सुजतात. खुद्द मधपाळांत ही तक्रार जुनी आहे. शिवाय राळ चिकट असल्यामुळे हवेतील शिसे आणि शेतातील विषारी फवारे यांचे अंशही तिच्यात अडकतात. मधुमेहाच्या जखमेवर वा लहान मुलाच्या छातीतील कफावर वैद्याऐवजी या बाटलीवर विसंबणाऱ्याला प्लिनीचे नाव वाचवू शकणार नाही.

राळ माणसाच्या किती कामाची याचा वाद असा चालू असताना, ती माशीच्या किती कामाची हा प्रश्न अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात विचारला गेला. मोहोळ म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा. एका ढोलीत चाळीस-पन्नास हजार जीव दाटीवाटीने राहतात, एकमेकांच्या तोंडचे खातात. आत सदैव पस्तीस अंशांच्या आसपास उष्णता आणि मधाचा ओलावा. साथीच्या रोगाला याहून अनुकूल जागा शोधून सापडणार नाही. त्यातच २००६ मध्ये मधमाशीच्या सर्व जनुकांचे वाचन झाले तेव्हा दिसून आले की, रोगाशी लढण्यासाठी माशीजवळ असलेली जनुके फळमाशीच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याइतकीच आहेत. एवढ्या तुटपुंज्या शिबंदीवर हे नगर टिकते कसे?

मार्ला स्पिवाक आणि मायकेल सिमोन यांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही पेट्यांना आतून राळेच्या अर्काचा हात दिला, काहींना दिला नाही. सात दिवसांच्या तरुण माश्या दोन्हींतून काढून तपासल्या. राळ दिलेल्या पेटीतील माश्यांच्या अंगावर जंतू कमी होते आणि त्यांच्या शरीरातील रोगप्रतिकाराची यंत्रणा शांत होती. बिनराळेच्या पेटीत तीच यंत्रणा सतत राबत होती. म्हणजे मधाच्या व पिलांच्या कामी यावयाची शक्ती तेथे लढण्यात खर्ची पडत होती. पुढे २०१२ मध्ये असे आढळले की, पिलांना बुरशीचा रोग लावला असता माश्या राळ आणण्याचे काम वाढवितात. प्लिनीच्या वैद्यांनी जे औषध माशीकडून उचलले, ते माशी आपल्या नगरासाठी आधीपासूनच वापरीत होती, फक्त ते पोटात न घेता भिंतीला लावीत होती.

हे कळल्यावर रंध्याने गुळगुळीत केलेल्या त्या फळ्यांचा अर्थच बदलला. जुन्या झाडाची ढोली आतून खडबडीत, भेगाळ असते. माशी त्या सगळ्या भेगा राळेने भरून काढते आणि सबंध ढोलीला आतून एक अखंड अस्तर चढविते. लँगस्ट्रॉथच्या पेटीत सपाट भिंतीमुळे ती फक्त कोपऱ्यांत व फटींत राळ घालते; अस्तर होतच नाही. मिनेसोटाच्या संशोधकांनी पेटीच्या आतल्या बाजूस जाळीदार पत्रे ठोकून पाहिले आणि माश्यांनी ते राळेने भरून अखंड अस्तर तयार केले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा अस्तराच्या पेट्यांतील मोहोळे अधिक जोमदार राहिली. आता काही मधपाळ नव्या पेट्या करविताना सुताराला सांगतात की, फळी बाहेरून हवी तेवढी रंधावी, आतून मात्र करवतीच्या खुणा तशाच ठेवाव्यात. आणि पेटी जुनी असेल तर तारेचा ब्रश घेऊन ते आतल्या भिंतींवर स्वतःच ओरखडे काढतात.